दोन सामन्यांचा खेळाडू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर जायचं नाही, कारण पलीकडे मांडवात जेवण तयार आहे. आणि कॉम्प्युटरविषयी बोलायचं नाही, कारण ते सगळ्यांची मुलं घरी रोज ऐकवतात. दोन्ही अटी मान्य. मी आज बेसबॉलविषयी बोलणार आहे.

हसू नका. इथे बसलेल्यांपैकी निदान वीस-पंचवीस जणींना बेसबॉल समजावून सांगायची गरज नाही, कारण आपण सॉफ्टबॉल खेळलोय. पीटीचे सर समोर बसलेत, त्यांना आठवत असेल. मैदानात उतरायला एका संघाला नऊ ग्लोव्ह्ज लागतात, आपल्याकडे होते सहा. एक इनिंग संपली की आपण ते जमिनीवर टाकून बॅटिंगला पळायचो आणि समोरचा संघ तेच हातात चढवायचा. बेस म्हणजे वाळू भरलेली पोती. सर स्वतः कबड्डीचे खेळाडू. सॉफ्टबॉल त्यांनी नियमांच्या पुस्तकातून आधी स्वतःला शिकवला आणि मग आपल्याला. बेसबॉल हा त्याच घरातला थोरला भाऊ. चेंडू लहान आणि कडक, पिचर खांद्यावरून फेकतो, फेकायचं अंतर साडेसाठ फूट, आणि सात इनिंग्जऐवजी नऊ. बाकी तीन आउट, चार बेस, सगळं ओळखीचं.

नोकरीनिमित्त मी सात वर्षं लॉस एंजेलिसला होते. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे सगळे ज्याला यूएससी म्हणतात त्या विद्यापीठाच्या आवारात तेव्हा बेसबॉलचं मैदान होतं. त्याचं नाव डीडो फील्ड. मोठ्या व्यावसायिक संघांच्या सामन्यांची तिकिटं महाग, इथे मात्र थोडक्या पैशांत दुपारभर उन्हात बसता यायचं, म्हणून मी जायला लागले. माझ्या सवयीप्रमाणे हे डीडो कोण, याचा शोध घेतला. आपल्याकडे मैदानांना, सभागृहांना देणगीदाराचं नाहीतर पुढाऱ्याचं नाव असतं. हे नाव होतं एका शिक्षकाचं. मैदान १९७४ साली सुरू झालं तेव्हा ते हयात होते आणि त्याच मैदानावर रोज शिकवत होते.

त्यांचं पूर्ण नाव राऊल मार्शियल डीडो. आडनाव फ्रेंच. सगळे त्यांना रॉड म्हणत. जन्म १९१४ चा, न्यू ऑर्लिन्सचा. कुटुंब लॉस एंजेलिसला आलं, मुलगा हॉलिवूड हायस्कूलमध्ये शिकला, मग यूएससीत. शॉर्टस्टॉपवर खेळायचा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, जिथे चेंडू सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वेगात येतो. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीगच्या संघाने त्याला घेतलं. त्या काळी अख्ख्या अमेरिकेत मेजर लीगचे संघ होते १६. तिथवर पोचणं म्हणजे काय, याची कल्पना करा. डॉजर्सचे व्यवस्थापक होते केसी स्टेंगल, जे पुढे न्यूयॉर्क यँकीजमुळे जगप्रसिद्ध झाले.

सप्टेंबर १९३५, हंगामाचे शेवटचे दिवस. डीडो दोन सामने खेळले. चार वेळा बॅटिंगला उभे राहिले, एकदा चेंडू नीट लागला, एक धाव मिळवून दिली. पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये खेळताना त्यांच्या पाठीच्या मणक्याला दुखापत झाली आणि मेजर लीगचं दार बंद झालं ते कायमचं. वय बावीस. बेसबॉलचे आकडे काटेकोरपणे जपून ठेवतात, त्यामुळे आजही कुठल्याही नोंदवहीत त्यांची ती एक ओळ सापडते. दोन सामने, चार संधी, एक हिट.

त्या ओळीवर थांबलात तर हा माणूस अपयशी. आपल्याकडे असं थांबायची फार सवय आहे. ‘जमलं नाही म्हणून शिकवायला लागला’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. शिक्षकांबद्दल, क्लास घेणाऱ्यांबद्दल, गाण्याच्या शिकवण्या करणाऱ्या बाईंबद्दल. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण गृहीत असं असतं की काम करणारा तो पहिल्या पंक्तीतला, आणि ते काम दुसऱ्याला शिकवणारा हा उरलेल्या पंक्तीतला. गुरुजन समोर असताना हे वाक्य उच्चारायला मला संकोच वाटतोय, पण ते त्यांनीही ऐकलेलं असणार, आणि आज मला त्याच्याशीच थोडं भांडायचं आहे.

तर डीडोंनी काय केलं? पाचशे डॉलर घालून ट्रकवाहतुकीचा धंदा सुरू केला. डार्ट नावाची कंपनी. ती चांगली चालली, वाढली, आणि घर तिच्यावर उभं राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. खेळ सुटला नव्हता, हौशी संघांतून चालूच होता. १९४२ मध्ये यूएससीचे प्रशिक्षक सॅम बॅरी युद्धामुळे नौदलात गेले आणि त्यांच्या जागी तात्पुरते म्हणून डीडो आले. युद्ध संपल्यावर बॅरी परतले, दोघांनी मिळून संघ सांभाळला, १९४८ साली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत समोर येल विद्यापीठ होतं आणि त्यांचा कर्णधार होता जॉर्ज बुश, तोच, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. १९५० मध्ये बॅरी वारले आणि संघ एकट्या डीडोंकडे आला. तात्पुरते आलेले गृहस्थ निवृत्त झाले ते १९८६ साली. पंचेचाळीस हंगाम. १३३२ विजय, ५७१ पराभव, ११ अनिर्णित. राष्ट्रीय विजेतेपदं ११. त्यातली पाच सलग, १९७० ते १९७४.

ही पाच सलग विजेतेपदं नेमकी का अवघड, हे मला समजायला वेळ लागला, म्हणून जरा थांबून सांगते.

व्यावसायिक संघाकडे चांगला खेळाडू आला की तो दहा-बारा वर्षं टिकू शकतो. कॉलेजच्या प्रशिक्षकाकडे मुलगा अठराव्या वर्षी येतो आणि जास्तीत जास्त चार वर्षं राहतो. त्यात १९६५ पासून मेजर लीगच्या संघांनी नव्या खेळाडूंची रीतसर निवड सुरू केली. म्हणजे मुलगा तीन वर्षांत तयार झाला की त्याला उचलून नेतात, चौथं वर्ष मिळेलच असं नाही. जो जितका चांगला, तो तितका लवकर जाणार. प्रशिक्षकाने आपलं काम उत्तम केलं, तर त्याची शिक्षा म्हणून त्याचा सगळ्यात चांगला खेळाडू हातातून जातो आणि सप्टेंबरात पुन्हा ‘ग्लोव्ह कसा धरायचा’पासून सुरुवात. १९७० मध्ये जिंकणारा संघ आणि १९७४ मध्ये जिंकणारा संघ यांच्यात जवळजवळ एकही चेहरा सारखा नसणार. सारखा होता फक्त कडेला उभा असलेला एक माणूस.

सर, बाई, हे तुम्हाला मी काय सांगायचं! तुमचं तर दर जूनला असंच असतं. आमची तुकडी म्हणजे तुमच्या तीस-पस्तीस वर्षांतली एक. आम्हाला तुम्ही आयुष्यात एकेकच, तुम्हाला मात्र आम्ही हजारो.

नावांचा प्रश्न डीडोंनी भलत्याच सोप्या पद्धतीने सोडवला होता. ते सगळ्यांना ‘टायगर’ म्हणत. खेळाडू टायगर, पत्रकार टायगर, हॉटेलातला वाढपी टायगर. मुलंही मग त्यांना टायगर म्हणायला लागली. सकाळपासून इथे जे ‘अरे, काय म्हणतोस तू’ चाललंय आणि नाव घ्यायची वेळ आली की जो खोकला येतोय, त्यावर हा उपाय सुचवावासा वाटतो. एकमेकांना ‘वाघा’ म्हणा आणि पुढे चला.

आता एक सामना सांगते. १९७३, नेब्रास्कातलं ओमाहा शहर, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे शेवटचे टप्पे. समोर मिनेसोटा विद्यापीठ आणि त्यांचा पिचर डेव्ह विनफील्ड. साडेसहा फुटांचा हा मुलगा असा की त्याच वर्षी बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल, तिन्ही खेळांतल्या व्यावसायिक संघांनी त्याची निवड केली. आठ इनिंग्जमध्ये त्याने यूएससीला जेमतेम एक हिट दिली होती. पंधरा जणांना तीन-तीन स्ट्राइकमध्ये परत पाठवलं होतं. धावफलक ७–०. यूएससीची शेवटची इनिंग उरली होती, म्हणजे फक्त तीन आउट. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर शेवटच्या दोन षटकांत साठ हव्यात आणि गोलंदाज बुमराह.

त्या एका इनिंगमध्ये यूएससीने आठ धावा काढल्या आणि सामना ८–७ असा जिंकला. कोणी एकाने अफाट फटके मारले असं झालं नाही. एक मुलगा पहिल्या बेसवर पोचला, मग दुसरा, मग समोरच्यांची क्षेत्ररक्षणात गडबड, मग आणखी एक. विनफील्ड दमला होता. मधेच त्याला पिचिंगवरून काढून मैदानात दुसरीकडे उभं केलं, आणि तिथून तो बघत राहिला. मग यूएससीने अंतिम सामन्यात ॲरिझोना स्टेटलाही हरवलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र विनफील्डच ठरला, आणि ते योग्यच होतं.

डीडोंच्या त्या संघात फ्रेड लिन होता. दोन वर्षांनी बॉस्टनकडून खेळताना तो एकाच हंगामात सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि आपल्या लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडूही, आणि हे त्याच्या आधी कोणालाही जमलं नव्हतं. रॉय स्मॉली होता, तोही पुढे मेजर लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळला. म्हणजे मुलं साधी नव्हती, हेही सांगायला हवं. दक्षिण कॅलिफोर्नियात बारा महिने ऊन, गल्लोगल्ली बेसबॉल, आणि चांगल्या मुलांना यूएससीलाच जायचं असायचं. नुसत्या प्रशिक्षकाच्या जादूने अकरा विजेतेपदं येत नाहीत. कोचिंग क्लासच्या जाहिरातीतल्या फोटोंकडे आपण जसं थोडं सावधपणे बघतो, तसंच इथेही बघावं.

पण आलेल्या मुलांचं काय केलं, यात मला त्यांचं खरं कसब दिसतं. टॉम सीव्हर नावाचा मुलगा फ्रेस्नोच्या कॉलेजमधून आला. शाळेत असताना अंगाने लहान, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. मधल्या काळात तो वाढला होता, बळ आलं होतं. डीडोंनी त्याला लगेच शिष्यवृत्ती दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उन्हाळ्यात अलास्कात खेळायला पाठवलं. तिथे फेअरबँक्सच्या संघातून कॉलेजची उत्तम मुलं खेळतात, त्यांच्यासमोर टिकलास तर जागा तुझी. सीव्हर टिकला. पुढे मेजर लीगमध्ये ३११ सामने जिंकून १९९२ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. मुलगा चांगला आहे की नाही हे ऑफिसात बसून ठरवायचं नाही, आणि त्याला खोटी आशाही लावायची नाही. त्याचं खरं माप निघेल अशा जागी त्याला पाठवायचं. मला हे फार आवडलं. मुलाखती घेऊन माणसं निवडणं हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे, आणि चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत माणूस कळतो असं मानणारे लोक मी रोज बघते.

डेव्ह किंगमन पिचर म्हणून आला होता. डीडोंनी त्याला बॅटर केलं. त्याने मेजर लीगमध्ये ४४२ होमरन मारले. मार्क मॅग्वायरसुद्धा पिचर म्हणूनच आला होता, आणि बॅटर होऊन गेला. १९८४ च्या हंगामात त्याने यूएससीसाठी ३२ होमरन मारले. त्याचं पुढचं नाव मोठं आणि डागाळलेलं आहे. उत्तेजक द्रव्यं घेतल्याचं त्याने २०१० मध्ये जाहीरपणे मान्य केलं. ते वेगळं प्रकरण. इथे सांगायचं ते इतकंच की अठरा वर्षांच्या मुलाला, जो गावात आणि शाळेत ‘पिचर’ म्हणूनच ओळखला जातो, त्याला ‘तू दुसरं काहीतरी आहेस’ हे सांगायला नजर लागते आणि हिंमतही लागते. सांगणारा चुकला तर मुलाची दोन वर्षं जातात. उलटही घडलं. रँडी जॉन्सन, सहा फूट दहा इंच उंच, चेंडू कुठे जाईल याचा नेम नसलेला. त्याला पिचरच राहू दिलं. त्याने पुढे ३०३ सामने जिंकले.

त्याच १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक झालं. बेसबॉल तेव्हा पदकांचा खेळ नव्हता, प्रात्यक्षिक म्हणून होता. अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षक डीडोच. वीस वर्षांपूर्वी टोकियोलाही तेच होते. डॉजर स्टेडियममध्ये, आपल्याच शहरात, आपल्याच लोकांसमोर अंतिम सामना जपानशी झाला आणि अमेरिका ६–३ अशी हरली. गंमत म्हणजे जपानच्या आणि अमेरिकेच्या कॉलेजांत दरवर्षी सामने व्हावेत म्हणून १९७२ पासून ज्यांनी खटपट केली त्यांत डीडो पुढे होते. ज्यांच्याशी खेळायची सवय लावली, त्यांनीच हरवलं. त्यांच्या नावावर पुढे आणखी विजेतेपद आलं नाही. शेवटचं १९७८ चं. निवृत्तीआधीची आठ वर्षं तशीच गेली, आणि तरी ते रोज मैदानावर होते. या आठ वर्षांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. मला त्यांचंच कुतूहल वाटतं. यूएससीने पुढे १९९८ मध्ये स्पर्धा जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते माइक गिलेस्पी, जे १९६१ च्या विजेत्या संघात डीडोंच्या हाताखाली खेळले होते.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्याच्यामुळे ही साखळी थेट आपल्या देशापर्यंत आली, तो टॉम हाउस. डावखुरा, वेग बेताचा, मेजर लीगमध्ये आठ हंगाम खेळलेला. लोकांना तो आठवतो वेगळ्याच कारणासाठी. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक ॲरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा कुंपणापलीकडे पडणारा तो चेंडू झेलला टॉम हाउसने. पुढे तो पिचिंगचा प्रशिक्षक झाला. मानसशास्त्रात पीएचडी केली. फेकणाऱ्याच्या हालचालींचं कॅमेऱ्याने चित्रीकरण करून कॉम्प्युटरवर सांध्यांचे कोन मोजायचे, असं काम तो त्या काळात करू लागला जेव्हा इतर प्रशिक्षक त्याला हसत. (कॉम्प्युटर हा शब्द आला, संयोजकांनी माफ करावं.)

२००८ मध्ये भारतात एक स्पर्धा झाली. ज्याला बेसबॉल माहीत नाही पण चेंडू जोरात आणि नेमका फेकता येतो असा मुलगा शोधायचा. अंतिम फेरी मुंबईत झाली. निवडले गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशातले, दोघेही भालाफेक करणारे. त्यांना लॉस एंजेलिसला नेलं आणि यूएससीत टॉम हाउसच्या हाती सोपवलं. त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. २०१४ मध्ये डिस्नेने यावर ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाचा सिनेमा काढला, तो बऱ्याच जणांनी बघितला असेल. सिनेमात एजंट हा नायक आहे. साहजिक आहे, करार करणाऱ्याच्या गोष्टीत नाट्य असतं. ज्या मुलांनी आयुष्यात ग्लोव्ह घातला नव्हता त्यांना रोज सकाळी पाय कुठे टाकायचा हे दाखवण्यात नाट्य नसतं. मेजर लीगपर्यंत ते दोघे पोचले नाहीत. दिनेश परत आला. रिंकू काही वर्षं खेळला, दुखापती झाल्या, आणि नंतर तो कुस्तीच्या त्या टीव्हीवरच्या आखाड्यात उतरला.

ही बातमी वाचली तेव्हा मी तिथेच राहत होते. डीडो तोवर गेले होते, जानेवारी २००६ मध्ये, ९१ व्या वर्षी. पण मनात मी रेघ ओढत होते. केसी स्टेंगल, मग त्यांच्या संघात दोन सामने खेळलेला डीडो, मग त्याचा विद्यार्थी हाउस, मग उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन मुलं. ही रेघ कुठल्याही नोंदवहीत नाही. तिथे फक्त ती ओळ आहे, चार संधी, एक हिट.

आता थोडं माझं. गेली चार वर्षं मी स्वतः प्रोग्रॅम फार कमी लिहिते. नवीन लागलेल्या मुलामुलींचं काम तपासणं, त्यांच्या शेजारी बसून चूक कुठे आहे ते त्यांचं त्यांना सापडेपर्यंत थांबणं, हे माझं काम. हे मी मागून घेतलं. परवा एका लग्नात एका नातेवाइकांनी विचारलं, ‘म्हणजे आता तू प्रत्यक्ष काम करत नाहीस?’ त्यांना उत्तर देत बसले नाही, जिलेबी गरम होती. पण उत्तर असं की हे काम वेगळं आहे आणि ते पहिल्यापेक्षा जास्त दमवतं. स्वतः करताना हात आपोआप चालतात. दुसऱ्याला दाखवताना हाताला काय येतं ते आधी डोक्यात आणावं लागतं, मग समोरच्याच्या भाषेत. काही उत्तम काम करणाऱ्यांना ते अजिबात येत नाही. डीडो खेळाडू म्हणून कमी पडले म्हणून प्रशिक्षक झाले, असं मला वाटत नाही. पाठ दुखावली नसती तर ते कदाचित मधल्या फळीतले एक खेळाडू झाले असते. मोठ्या संघांनी नंतर त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावलंही, पण ते कॉलेज सोडून गेले नाहीत.

आणि आता ते ट्रक. लक्षात ठेवा म्हटलं होतं.

डीडो विद्यापीठाकडून पगार किती घेत? वर्षाला एक डॉलर, नावापुरता. ही गोष्ट तिकडे फार कौतुकाने सांगतात, आणि मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही भारी वाटली. पण त्यांना एक डॉलर परवडत होता, कारण डार्ट कंपनीचे ट्रक रस्त्यावर धावत होते. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की ऐकणारा लगेच म्हणतो, ‘बघा, खरा गुरू पैसे घेत नाही.’ आणि मग ज्याच्याकडे एकही ट्रक नाही, त्याच्याकडून आपण एका डॉलरची अपेक्षा करतो. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं अर्ध्या पगारावर काढलेली माणसं या सभागृहातही असतील. त्यांच्या त्यागाचं कौतुक करणारी भाषणं मी बरीच ऐकली आहेत. कौतुकाने किराणा भरत नाही.

हे मी कोणाबद्दल बोलतेय ते काहींच्या लक्षात आलं असेल. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण, राज्य पातळीवर सॉफ्टबॉल खेळलेली, आपली कॅचर. तिने ‘माझं नाव घेतलंस तर उठून जाईन’ असं बजावलंय, म्हणून घेत नाही. गुडघा गेल्यावर तिचा खेळ थांबला. सर निवृत्त झाल्यापासून शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा भरलेली नाही. गेली सहा वर्षं ती पहाटे साडेपाचला मैदानावर येऊन पोरींना शिकवते आणि नऊला आपल्या नोकरीवर जाते. एक पैसा घेत नाही. गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या दोन मुली विभागीय संघात गेल्या. या जूनपासून तिच्या नोकरीची वेळ बदलतेय, सकाळी सातला हजर राहायचंय. ती नोकरी सोडू शकत नाही, घरात दोन शिकणारी मुलं आहेत. म्हणजे जूनपासून सराव बंद.

परवा मी पहाटे मैदानावर गेले होते. अठरा मुली होत्या. ग्लोव्ह्ज आता अकरा आहेत, प्रगती आहे म्हणायची. एक मुलगी फर्स्ट बेसवर उभी होती आणि तिच्या हातून चेंडू सारखे सुटत होते. आपली मैत्रीण तिला काही बोलली नाही. तिने तिला कॅचरच्या जागी बसवलं आणि दहा चेंडू झेलायला लावले. त्यातले आठ तिने धरले. पोरगी उठली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. लांबचा, उंचावरून येणारा चेंडू तिला नीट दिसत नव्हता, समोरून येणारा दिसत होता. चष्म्याचा नंबर काढायचं काम त्याच दिवशी तिच्या आईला सांगितलं गेलं.

आज जमणाऱ्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायचा बेत आहे, त्याचं चित्रही बाहेर लावलंय. सुंदर आहे. माझी सूचना अशी की कमान दोन वर्षं थांबू दे. आपण एकशे चार जण इथे आहोत. प्रत्येकाने महिन्याला तीनशे रुपये दिले तर एकतीस हजार दोनशे होतात. तेवढ्यात शाळेला मानधनावर एक प्रशिक्षक ठेवता येईल, आणि हे काम आधी तिला विचारावं, नोकरीसारखं, पत्र देऊन, तारखेला पैसे देऊन. ती नाही म्हणाली तर दुसरं कोणी शोधू. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, समितीचा ठराव लागेल, त्यांची हरकत नाही. हिशेब ठेवायचं काम आपल्यातले दोन सीए बघायला तयार आहेत, दोघांनाही एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

सात ग्लोव्ह्ज, एक कॅचरचा मास्क आणि एक जोडी लेग गार्ड, एवढं सामान कमी आहे. त्याची यादी आणि मासिक वर्गणीचा फॉर्म जेवणाच्या मांडवात, ताकाच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठेवलाय. पेन दोरीने बांधलंय, तेवढं नेऊ नका.